तीन वार न म्हणणारी हर्राशी

मामांचा उभा जन्म लिलावात गेला. वाक्य कानाला वाईट लागतं, पण खरं आहे. आधी जुन्या मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, आणि बाजार हलल्यावर जाधववाडीत, एका भुसार अडत्याच्या गादीवर ते बत्तीस वर्षं मुनीम होते. सकाळी हर्राशी, दुपारी शेतकऱ्यांच्या हिशेबाच्या पट्ट्या, दिवेलागणीला रोकड जुळवायची. मक्याच्या ढिगातून मूठ भरून एक दाणा दाताखाली फोडायचा आणि माल किती ओला ते सांगायचं, ही त्यांची कीर्ती. निवृत्तीनंतर मुलाने चांगला फोन घेऊन दिला, आणि त्या फोनमध्ये मामांना पुन्हा हर्राशी सापडली.

भाची कॉलेजात संख्याशास्त्र शिकवते. रविवारी रात्री ती येते आणि सिडकोतल्या मामांच्या गच्चीवर दोघांचं वाजतं. मी शेजारचा. मला साक्षीला बसवलेलं असतं, निवाड्याला नाही.

या फोनमधल्या हर्राशीची रीत आधी सांगतो. वीस हजारांचा एक मोबाईल लिलावाला लागतो, शून्य रुपयापासून. दर बोलीने किंमत फक्त एक रुपया वर सरकते. घड्याळात दहा सेकंद असतात. कोणी बोली लावली की घड्याळ पुन्हा दहावर. दहा सेकंद कोणीच हललं नाही तर शेवटच्या माणसाला वस्तू त्या किमतीत मिळते. इथवर ऐकणाऱ्याला वाटतं, ही तर लूट आहे आणि लुटणारे आपण. मेख एकच: बोलायचेच पैसे पडतात. एका बोलीला दहा रुपये. बोल्यांचा गठ्ठा आधी विकत घ्यायचा, आणि लावलेली बोली जिंकलात तरी गेली, हरलात तरी गेली. परदेशात याला पेनी ऑक्शन म्हणतात, कारण तिकडे किंमत एकेका पेनीने सरकते.

मामा : तू येताजाता जुगार जुगार म्हणतीस. जुगारात पत्ता कोणता येईल ते आपल्या हातात नसतं. इथं समोर माणूस आहे. माणूस वाचता येतो. मी जन्मभर दुसरं काय केलं?

भाची : तुम्ही तोंडं वाचली मामा. इथे तोंड कुठंय? एक टोपणनाव आणि एक आकडा. पलीकडे माणूस आहे की यंत्र, ते तरी तुम्ही कशावरून ठरवता?

मामा : चालीवरून. मोंढ्यात ज्याला माल खरंच पाहिजे असायचा, तो दाणे हातात घेऊन लगेच खाली टाकायचा. दाखवायचंच नसायचं त्याला. इथंही तसंच आहे. एक जण शेवटच्या सेकंदाला बोली लावतो. त्याला वाटतं आपण लै हुशार. तो कच्चा. घड्याळ परत दहावर जातं, मग शेवटचा सेकंद आणि पहिला सेकंद यात फरक काय उरला? पक्का माणूस दुसऱ्याची बोली पडली की तिसऱ्या सेकंदाला आपली टाकतो. समोरच्याला कळलं पाहिजे, हा गडी उठणार नाही.

हे ऐकून भाची हसेल असं मला वाटलं होतं. ती हसली नाही.

भाची : हे तुम्ही बरोबर बोललात. दरारा बसवणारी चाल चालते, असं अभ्यास करणाऱ्यांनाही दिसलंय. अजून काय काय चाली आहेत तुमच्या?

मामांनी चष्मा पुसला. अशा प्रश्नाची ते पाच महिने वाट पाहत असावेत. मोबाईल आणि टीव्हीच्या नादाला लागायचं नाही, तिथे गर्दी. मिक्सर, इस्त्री, कुकर धरायचा. सणाच्या तोंडावर बसायचं नाही. पहाटे तीनला उठायचं, तसंही या वयात झोप कुठे लागते. सुरुवातीला नुसतं बघायचं, कोण किती बोल्या जाळतोय ते मोजायचं. ज्याचं नाव जिंकणाऱ्यांच्या यादीत वारंवार दिसतं, तो आला की आपण उठायचं. आणि बसण्याआधी आकडा ठरवायचा: या वस्तूला चाळीस बोल्या, एकेचाळिसावी नाही.

मला हे सगळं शहाणपणाचं वाटलं. कुठल्याही हर्राशीत शोभेल असं.

भाची : मामा, एक पट्टी करा.

मामा : कशाची?

भाची : परवा तुम्ही दाखवला तो मोबाईल. बाजारात वीस हजार. कितीला सुटला?

मामा : एकतीसशेला. बघ की! वीस हजारांचा माल एकतीसशेला.

भाची : शेतकऱ्याला देता तशी पट्टी करा. दर बोलीला किंमत एक रुपया वाढते, म्हणजे बोल्या किती पडल्या?

मामांनी जुन्या वहीचं मागचं पान उघडलं. बत्तीस वर्षांची सवय, पेन्सिल कानावरच होती. 3,100 बोल्या. दहाच्या भावाने 31,000 रुपये. वर जिंकणाऱ्याने मोजलेले 3,100. लिलाववाल्याची जमा 34,100. त्यातून मोबाईलचे 20,000 वजा. उरले 14,100.

भाची : आता जिंकणाऱ्याचं खातं. समजा त्याने चारशे बोल्या लावल्या.

मामा : चार हजार बोलीचे, एकतीसशे मालाचे. 7,100. माल वीस हजारांचा. त्याला 12,900 सुटले. फायद्यातच आहे तो.

भाची : फायद्यातच आहे. दोघांची बेरीज करा.

चौदा हजार एकशे आणि बारा हजार नऊशे. मामांनी सत्तावीस हजार लिहिले.

भाची : आणि बाकीच्यांच्या बोल्या? 3,100 मधून 400 गेल्या.

सत्तावीसशे. दहाच्या भावाने सत्तावीस हजार. मामांनी दोन्ही आकड्यांखाली रेघ ओढली आणि थोडा वेळ तिच्याकडे बघत राहिले. मुनिमाला पट्टी जुळल्याचा आनंद होतोच, कशाचीही असो. पण हा आनंद अर्ध्यातच अडला.

मामा : म्हणजे हरणाऱ्यांनी दोघांचं घर भरलं.

भाची : मोंढ्यात ज्याची बोली कमी पडली, तो किती पैसे भरून घरी जायचा?

मामा : एक छदाम नाही. कपडे झटकून जायचा.

माझ्या मते सगळा वाद इथेच आहे, आणि बोलीच्या चालींवर बोलणारे नेमकं हेच टाळतात. आपल्या ओळखीच्या कुठल्याही लिलावात हरणारा सुटा असतो. सिडकोच्या भूखंडाला निविदा भरा; नाही लागला तर अनामत परत येते. जाधववाडीत भल्या पहाटे भाजीची बोली हुकली तर आपण पुढच्या ढिगाकडे सरकतो. मोंढ्याची नाडी चांगलीच ठाऊक असलेले लोक सांगतात की एके काळी रुमालाखाली बोटं धरून भाव ठरायचे आणि शेतकऱ्याला आपल्याच मालाचा भाव कळायचा नाही. उघड बोली आली ती ही अंधारकोठडी मोडायला. पण त्या रुमालाखालीसुद्धा हरणाऱ्या व्यापाऱ्याकडून कोणी बोटं धरल्याचं भाडं घेतलं नाही.

मामी चहा घेऊन वर आल्या. वादाचा शेंडा-बुडखा त्यांना माहीत नव्हता, पण त्याने त्यांना कधी अडवलेलं नाही.

मामी : आमच्या भिशीत पण बोलीच असते. पण हरणारीलाच मिळतात पैसे.

त्यांची भिशी बारा जणींची, महिना हजार. बारा हजार जमतात. जिला नड असेल ती बोलते, मी अकराला घेते, दुसरी म्हणते मी दहा हजार आठशेला. ती 10,800 उचलते आणि उरलेले 1,200 बारा जणींत शंभर शंभर वाटले जातात. घाई असणारीने थांबणारीला दिलेलं ते व्याज. नोंदणीकृत चिट फंडांतही पाया हाच असतो. नडलेल्याने भान सोडून बोली खाली नेऊ नये म्हणून 1982 च्या कायद्याने या कपातीला मर्यादा घातली. बोलणाऱ्याला त्याच्याच उतावळेपणापासून वाचवायचं असतं, हे कायदा करणाऱ्यांना कळलं होतं. फोनमधल्या हर्राशीत उतावळेपणा हाच माल आहे.

मामा : हे बघ, मी हिशेब लपवणारा माणूस नाही. वही तुझ्यासमोर आहे. पहिल्या तीन महिन्यांत मी 480 बोल्या जाळल्या. अठ्ठेचाळीसशे रुपये. हातात काय आलं? अकराशेचा इयरफोन, साठ रुपयांत. ते शिकणं होतं. मग चाली कळल्या. गेल्या दोन महिन्यांत फक्त 80 बोल्या, म्हणजे आठशे. आणि 3,200 चा मिक्सर आणला 240 ला. एक हजार चाळीसमध्ये बत्तीसशेचा माल. 2,160 चा निव्वळ फायदा. बोल आता.

भाची : एकूण पाच महिन्यांचा?

मामा : सोळाशेने तोट्यात. पण तू शेवटचा भाव बघ ना, पहिला कशाला बघतीस?

वास्तविक मामांचा मुद्दा दमदार होता आणि भाचीने तो उडवून लावला नाही. ती म्हणाली, यावर अमेरिकेत दोन अर्थतज्ज्ञांनी, वँग आणि शू यांनी, एका अशाच लिलाववाल्याच्या नोंदी तपासल्या. त्यांना दिसलं ते अगदी मामांच्या वहीसारखं. बहुतेक नवे लोक हरतात आणि लवकरच सोडून जातात. थोडे टिकतात, चाली शिकतात, आणि त्यातले काही खरोखर पैसे कमावतात. लिलाववाल्याचा नफा या शिकलेल्यांकडून येत नाही. तो रोज दारातून आत येणाऱ्या आणि मागच्या दाराने बाहेर पडणाऱ्या नव्यांकडून येतो.

मामा : मग? मी शिकलेल्यांत आलो की.

भाची : आलात. तुम्ही पहिल्या तीन महिन्यांत ज्या 480 बोल्या जाळल्या, त्या कोणाला कामी आल्या?

मामा काही बोलले नाहीत.

भाची : तुमच्यासारखाच एखादा शिकलेला असेल. त्यालाही मिक्सर मिळाला असेल. आणि तुमचा मिक्सर ज्याच्या पैशांनी आला, तो आत्ता पहिल्या तीन महिन्यांत आहे.

मामा : व्यापारात हे चालतंच. घेणारा-विकणारा, एकाची चूक दुसऱ्याची कमाई. मी काय धर्मशाळा काढली का?

भाची : व्यापारात चूक करणाऱ्याकडे निदान माल राहतो. महाग घेतला तरी मका पोत्यात असतो.

या उत्तरावर मामांनी मान हलवली. ती होकाराची होती का, मला सांगता येणार नाही.

मग तिने वर्गातली गोष्ट सांगितली. ती दरवर्षी शंभराची नोट लिलावाला काढते. नियम एवढाच, की सगळ्यात मोठी बोली लावणाऱ्याला नोट मिळेल, पण दोन नंबरच्यालाही आपल्या बोलीचे पैसे भरावे लागतील. साठ-सत्तरपर्यंत वर्ग हसतो. नव्वदनंतर दोघंच उरतात. शंभर ओलांडताना क्षणभर शांतता पसरते आणि मग बोली पुढे जाते, कारण थांबलं तर आधीचे सगळे बुडतात. यंदा नोट एकशे चाळीसला गेली. (पैसे तिने परत दिले, हे तिने न विचारता सांगितलं.) हा खेळ मार्टिन शुबिक नावाच्या अमेरिकी अर्थतज्ज्ञाने 1971 मध्ये डॉलरची नोट घेऊन मांडला. पुढे इंटरनेट आल्यावर त्याच पिळाचा कोणीतरी धंदा करणार हे उघड होतं. जर्मनीत 2005 मध्ये टेलिबिड निघालं, नाव बदलून स्वूपो झालं, देशोदेशी पसरलं. नेड ऑगेनब्लिक यांनी त्याचे दीड लाखाहून जास्त लिलाव तपासले. लिलाववाल्याचा सरासरी नफा पन्नास टक्क्यांच्या वर निघाला.

मामा : आणि आता कुठंय ते स्वूपो?

भाची : 2011 मध्ये बंद पडलं.

मामा : एवढा नफा होता तर बुडालं कसं?

भाची : मला वाटतं, त्यांना रोज नवी माणसं लागत होती. जुनी शहाणी होतात किंवा निघून जातात. विहीर उपसायची म्हटलं तर झरा लागतो.

इथे मामा पहिल्यांदा खुलून हसले. दुसऱ्याचा धंदा बुडाल्याचं कारण पटलं की मोंढ्यातला माणूस हसतो.

मामा : बरं, ते पहिल्या पैशाचं सांग. समजा मी एका वस्तूला चौदाशे घातलेत. आता उठलो तर चौदाशे गेले. अजून दोनशे टाकले तर कदाचित हातात येईल. उठणं मूर्खपणा नाही का?

भाची : हे तुम्हीच मला शिकवलंय. मी आठवीत होते. एका व्यापाऱ्याने तूर महाग घेऊन ठेवली होती, भाव पडत होता आणि तो म्हणत होता, घेतल्या भावाखाली विकणार नाही. तुम्ही काय म्हणालात त्याला?

मामांना आठवलं असावं. कारण ते मक्यावर, तुरीवर, सोयाबीनवर सगळ्यांना तेच सांगत आले होते: घेतला भाव विसर, आजचा भाव बघ.

भाची : या बोलीचा आजचा भाव सांगते. वीस हजारांच्या मोबाईलवर दहाची बोली. ती बोली शेवटची ठरायची शक्यता दोन हजारांत एक असेल, तर सौदा बरोबरीचा. खरं तर जिंकल्यावर मालाची किंमतही मोजायची आहे, म्हणजे शक्यता त्याहून थोडी जास्तच हवी. ही झाली लॉटरीची चिठ्ठी. आधीच्या 140 चिठ्ठ्या फाडल्यात म्हणून 141 वी जास्त लागायची नाही. उलट नोंदींत दिसतं, की लिलाव जसा लांबतो तशी माणसं चिकटून बसतात, आणि बोली शेवटची ठरायची शक्यता घसरते. सगळेच म्हणतात, इतके घातलेत, आता काय उठायचं.

मामा : त्याला पण तोड आहे. हरलो तर बोलीत गेलेले पैसे वजा करून तीच वस्तू छापील किमतीला घेता येते. म्हणजे बुडाले कुठं?

भाची : छापील किंमत कोण छापतं? तोच मिक्सर टिळकपथावरच्या दुकानात कितीला आहे, ते विचारून या. दुकानदाराशी घासाघीस करायचे वेगळे पैसे पडत नाहीत.

घासाघीस या एका बाबतीत आपल्या गावाला शिकवायची गरज नाही, असं म्हणून मी मध्ये तोंड घातलं. त्यावर मामांनी छाती काढली आणि गावकऱ्यांचा आवडता हुकमी पत्ता टाकला.

मामा : घासाघीस काय सांगायलीस? ऑक्टोबर 2010. आपल्या गावाने एका फटक्यात दीडशे मर्सिडीज उचलल्या. पासष्ट कोटींचा सौदा. पेपरांत फोटो, देशभर चर्चा. कंपनीला वाटलं नव्हतं, या गावात इतक्या गाड्या जातील म्हणून.

मला ते दिवस आठवतात. नव्या गाड्या आणि जुने खड्डे एकाच रस्त्यावर बघायला लोक थांबायचे. काहींना तो मिरवण्याचा प्रकार वाटला, आणि थोडा होताही. पण हेतू साधा होता. उद्योजक, डॉक्टर, बिल्डर असे लोक एकत्र आले, आम्ही इतके जण घेतो, भाव सांगा म्हणाले. एकेकटे शोरूममध्ये गेले असते तर ही सवलत मिळाली नसती. बँकेनेही कर्जाच्या व्याजात हात सैल सोडला. मागासलेला भाग म्हणून नाक मुरडणाऱ्यांना हे उत्तर आहे, असंही तेव्हा बोललं गेलं.

भाची : मामा, त्या दीडशे जणांनी काय केलं? आधी एकमेकांशी बोलले.

मामा : बोलणारच. त्याशिवाय भाव कसा उतरेल?

भाची : तुमच्या मिक्सरसाठी त्या रात्री समजा वीस जण बसले होते. त्यांनी आपसांत ठरवलं असतं की आज एकानेच बोलायचं, तर मिक्सर एक रुपयाला गेला असता. दहाची एक बोली. या खेळातली एकमेव पक्की चाल तीच आहे. बाकी सगळ्या चाली एकोणीस जणांच्या खिशातून जातात.

मामा : मोंढ्यात याला साखळी करणं म्हणतात. चार व्यापारी आपसांत ठरवून भाव पाडायचे, शेतकरी रडायचा. आम्ही बाजार समितीकडे तक्रारी केल्यात त्यावर.

भाची : तिथे रडणारा शेतकरी होता. इथे विकणारा रडेल, म्हणून त्याने तोंड उघडायची सोयच ठेवलेली नाही.

मामा बराच वेळ गप्प होते. चहाच्या कपावर साय धरली होती. मग त्यांनी फोन उघडला. मला वाटलं, बोली लावणार. पण त्यांनी फोन पाण्याच्या तांब्याला टेकवून उभा केला, तिघांना दिसेल असा. एक कुकर चालू होता. किंमत एकशे बारा. घड्याळ दहा, नऊ, आठ.

मामा पुटपुटायला लागले. जुनी सवय. एक वार. घड्याळ चारवर आलं. दोन वार. दोनवर आलं, आणि एकशे तेरा. पुन्हा दहा. मामा पुन्हा एक वारपासून सुरू. असं सात-आठदा झालं. त्यांच्या तोंडून तिसरा वार काही येईना.

दोन टोपणनावं आलटून पालटून बोलत होती. एक तिसऱ्या सेकंदाला बोली टाकायचं, न चुकता. दुसरं शेवटच्या सेकंदाला, कधी कधी अगदी काठावर.

"हा दुसरा नवीन आहे," मामा म्हणाले. "शेवटच्या सेकंदाला बोलतोय बघ. त्याला वाटतंय मिळेल."

"हं."

"आणि तो पहिला उठायचा नाही."

एकशे एकोणतीस. एकशे तीस. मामांनी पडद्यावर बोट नेलं आणि बोलीच्या बटणापासून दूर, त्या दुसऱ्या नावावर ठेवलं. काहीच उघडलं नाही.

"याला काही सांगता येतं का गं इथून?"

"नाही मामा," ती म्हणाली. "इथून फक्त बोली लावता येते."